नात कुठल्या ‘टाइप’ची, गुरुजी?

गोव्यातल्या वाळपईजवळच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. पाच पानं, निळी शाई, शिरोरेघा पट्टीने ओढल्यासारख्या. गाभा तेवढा इथे देते.

“बाई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत एकतीस वर्षं काढली. माझी नात नववीत आहे. घरात आम्ही कोंकणी बोलतो. चौथीपर्यंत ती मराठीतून शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जाते. सातवीपर्यंत बरी होती, आठवीपासून सायन्स आणि सोशल सायन्समध्ये घसरली. गेल्या महिन्यात शाळेत बाहेरची मंडळी येऊन ‘लर्निंग स्टाइल’ची चाचणी घेऊन गेली. रिपोर्टात आलं की ती ‘कायनेस्थेटिक’, म्हणजे करून शिकणारी आहे. तेव्हापासून पुस्तक उघड म्हटलं की सांगते, ‘आजो, मी वाचून शिकणाऱ्यांतली न्हय.’ त्याच मंडळींचा कोर्स आहे, वर्षाचे अठरा हजार. मुलगा भरायला निघालाय. माझे तीन प्रश्न आहेत. असं काही खरंच असतं का? पैसे भरावेत का? तिसरा विचारायला संकोच वाटतो. एकतीस वर्षं मी सगळ्यांना एकाच पद्धतीने शिकवलं. पाढे म्हणवून घेतले, फळ्यावर लिहून दिलं, सकाळी फळा पुसून कालचं विचारलं. ज्यांना ते जमलं नाही त्या मुलांचं मी नुकसान केलं का?”

गुरुजी, नमस्कार.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण मुलगा ‘निघालाय’ असं तुम्ही लिहिलंय. त्याला थांबवा. हे पुढचं वाचायच्या आधी उठून सांगून आलात तरी चालेल. त्या पैशांत नातीचे डोळे तपासून होतील, अभ्यासाच्या टेबलावर चांगला दिवा येईल, तिच्या घुमटाला, म्हणजे त्या कातडं ताणलेल्या मातीच्या वाद्याला, नवं कातडं चढेल आणि तरी बरेच उरतील. ती गावच्या मुलींच्या घुमट आरती पथकात आहे, हे तुम्ही तिसऱ्या पानावर जाता जाता लिहून गेलात. मला विचाराल तर अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती. तिच्याकडे येतेच.

आता पहिला प्रश्न. असं काही असतं का?

आवड असते. कुणाला चित्र बघून बरं वाटतं, कुणाला ऐकून, कुणाला हात घालून. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. ज्याला जे आवडतं त्याच वाटेने शिकवलं तर तो जास्त शिकतो, असं हे लोक म्हणतात. आवडीच्या पायरीवरून ते थेट तिथे उडी मारतात आणि मधली पायरी आहे की नाही हे खाली वाकून कुणी बघत नाही.

हे आलं कुठून, ते सांगते. न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग नावाचे गृहस्थ होते. आधी शाळा-निरीक्षक होते, नंतर विद्यापीठात गेले. वर्ग तपासताना त्यांना एक कोडं पडायचं. एखाद्या उत्तम शिक्षकाच्या हातूनही काही मुलं सुटतात आणि एखाद्या बेताच्या शिक्षकाकडे तीच मुलं शिकतात, हे कसं? १९८७ साली त्यांनी एक प्रश्नावली तयार केली. बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून, असे चार गट. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिचं नाव पडलं ‘व्हार्क’. कोडं खरंच होतं. तुम्हालाही ते पडलं असणार, नाहीतर तिसरा प्रश्न तुम्ही विचारला नसता. पण कोडं खरं असलं म्हणून सुचलेलं उत्तरही खरं असतं असं नाही. शिवाय ही प्रश्नावली एकटी नव्हे. २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वर्गवाऱ्यांची मोजदाद केली, तर त्या निघाल्या ७१. नातीला या सगळ्यांतून काढली तर ती कुठे करून शिकणारी ठरेल, कुठे विचार करून, कुठे आणखी कशी. एवढी रूपं आपल्या दशावतारातही नाहीत.

२००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तिघा मानसशास्त्रज्ञांनी ठरवलं की पुरावा कसा असायला हवा हे आधी पक्कं करू, मग तो शोधू. त्यांचं म्हणणं तुमच्या वर्गात आणून सांगते. वर्गात चाळीस मुलं आहेत. प्रश्नावलीने वीस ‘ऐकणारी’ ठरवली, वीस ‘बघणारी’. आता ऐकणाऱ्यांतल्या दहांना ऐकवून शिकवा आणि दहांना दाखवून. बघणाऱ्यांचेही असेच दोन भाग करा. शेवटी सगळ्यांना एकच पेपर द्या. सिद्धान्त खरा असेल तर ऐकणारे ऐकवल्यावर पुढे दिसले पाहिजेत आणि बघणारे दाखवल्यावर. सगळेच दाखवल्यावर पुढे गेले तर त्यातून एवढंच कळतं की तो धडा दाखवून शिकवण्यासारखा होता. असा नीट बेतलेला अभ्यास शोधायला ते गेले, तर एवढ्या मोठ्या बाजारात तसे अभ्यास अगदी थोडे सापडले, आणि त्यांतलेही बरेच सिद्धान्ताच्या विरुद्ध जाणारे. पुढे २०१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास छापून आला. त्यांना ‘व्हार्क’चा निकाल आणि त्याप्रमाणे अभ्यास कसा करायचा हे दोन्ही हातात दिलं होतं. बहुतेकांनी तसा अभ्यास केलाच नाही. ज्यांनी केला त्यांना जास्त मार्क पडले नाहीत.

तुम्ही पाठवलेली रिपोर्टची झेरॉक्स समोर आहे. त्यात एक प्रश्न आहे: ‘मोकळ्या वेळात तुला काय करायला आवडतं?’ नातीने खूण केली आहे ‘वाद्य वाजवणे, हस्तकला’ यावर. पुढचा प्रश्न: ‘नवीन वस्तू हातात आली तर काय करतेस?’ तिची खूण: ‘चालवून बघते’. अहो, चौदा वर्षांची कुठली मुलगी ‘सूचनापत्रक वाचते’ यावर खूण करील? असे सोळा प्रश्न झाल्यावर रिपोर्टाने तिला तिचंच उत्तर परत दिलं. फक्त इंग्रजीत, आणि वर शिक्का मारून.

आता घुमट. नात ते कसं शिकली हे मी पाहिलेलं नाही, पण आमच्या फोंड्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, महिनाभर आधी देवळाच्या मंडपात मुलं-मुली शिकताना दरवर्षी बघते, तेव्हा अंदाज चुकणार नाही. आधी नुसतं ऐकायचं. मग शिकवणारा तोंडाने बोल म्हणतो, मुलं तोंडाने म्हणतात. मग मांडीवर. मग घुमट गळ्यात येतं. उजव्या हाताने कातड्यावर थाप, डाव्या तळव्याने मागचं उघडं तोंड झाकायचं-सोडायचं, म्हणजे आवाज दबतो आणि फुलतो. काठ्यांनी शामेळ नावाचं चर्मवाद्य वाजवणाऱ्याकडे एक डोळा, कासाळ्याकडे, म्हणजे झांजेकडे, कान. मध्येच मास्तर हात वर करून सगळ्यांना थांबवतो आणि एकीला सांगतो, “आता तू एकटी.” ती चुकते. परत. परत चुकते. तिसऱ्यांदा येतं.

यात ती ऐकून शिकली, बघून शिकली की करून? प्रश्नच चुकीचा वाटतो ना? खाप्रूमामा पर्वतकरांना या रिपोर्टवाल्यांनी कुठल्या खणात टाकलं असतं कोण जाणे. हातांनी एक ताल, पायांनी दुसरा आणि तोंडाने तिसराच हिशेब चालवणारा माणूस! घुमट शिकायला कान, डोळा, तोंड, हात सगळं लागतं कारण घुमट तसं आहे. सगळ्या मुली तशाच शिकतात, रिपोर्ट काहीही म्हणो. म्हादई खाली मांडवी होते तिथवरची तिची वाट समजून घ्यायची तर नकाशा पुढ्यात हवाच, मग मूल ‘ऐकणारं’ का असेना. आणि कविता तोंडाने म्हटल्याशिवाय अंगात जात नाही, मूल ‘बघणारं’ असलं तरी. कसं शिकायचं हे ठरवण्यात मुलाच्या टाइपापेक्षा विषयाचा वाटा मोठा. हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे जरा आगाऊपणा आहे, पण तुम्ही विचारलंत.

मग नात घसरली कशाने?

इथे मला त्या झेरॉक्सची पाठ उलटावी लागली. तुमच्या लक्षात आलंय की नाही माहीत नाही, पण झेरॉक्स काढली आहे नातीच्याच सायन्सच्या वहीतल्या सुट्या कागदावर. मागे पेन्सिलीने ध्वनीच्या धड्यातली आकृती आहे: हवेचे ठिपके, कुठे जवळ जवळ, कुठे लांब लांब. जवळच्या ठिपक्यांखाली इंग्रजीत ‘कॉम्प्रेशन’ लिहिलंय, त्याखाली अगदी बारीक देवनागरीत उच्चार, आणि त्याहून बारीक, प्रश्नचिन्ह घालून: ‘दाट?’ लांबच्या ठिपक्यांखाली ‘रेअरफॅक्शन’चं स्पेलिंग दोनदा खोडलेलं, आणि खाली नुसती रेघ. रिकामी.

गुरुजी, ही वाचून न शिकणारी मुलगी नव्हे. ही वाचते, मनात भाषांतर करते, ते चोरून लिहिते, बरोबर आहे का हे कुणाला विचारत नाही आणि पुढच्या शब्दाला अडकून थांबते. घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. सातवीपर्यंत धड्यांची वाक्यं लहान असतात, पाठ करून निभतं. आठवीपासून वाक्यं लांबतात, एका वाक्यात तीन नवे शब्द येतात आणि पाठांतर दम टाकतं. तुम्ही सांगितलेलं घसरणीचं वर्ष आठवी हेच आहे, आणि घसरलेले विषय नेमके ज्यांत परिच्छेदच्या परिच्छेद वाचावे लागतात तेच. गणिताबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही. असेल बहुधा ठीक.

माझं सांगते. मी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या मराठी शाळांपैकी एकीत चौथीपर्यंत शिकले आणि पाचवीला इंग्रजी हायस्कुलात जाऊन पडले. पडले हाच शब्द. सहावीत एका शिक्षकांनी उभं करून ‘आयलँड’ वाचायला सांगितलं. मी ‘इसलँड’ वाचलं. वर्ग हसला ते एक वेळ ठीक, पण ते शिक्षक पुढे वर्षभर मला त्याच नावाने हाक मारत. त्या वर्षी मी मोठ्याने वाचायचं सोडून दिलं. घरी सांगायचे की मला वाचून लक्षात राहत नाही, ऐकून राहतं. तेव्हा असा रिपोर्ट कुणी हातात ठेवला असता तर मी तो फ्रेम करून लावला असता.

म्हणून नातीवर रागावू नका. आठवीपासून तिला रोज वाटत आलंय की आपल्यातच काही कमी आहे. एके दिवशी एक छापील कागद येऊन सांगतो की तू ढ नाहीस, तुझी तऱ्हा वेगळी आहे. त्या वयात कोण नको म्हणेल? तो कागद तिच्यासमोर फाडू नका, खोटा आहे म्हणून भाषण देऊ नका. कपाटात राहू दे. शाळेवरही चिडू नका. चाचणी बोलावणाऱ्या शिक्षकांना मुलांचं बरंच करायचं असतं, आणि जगभर बहुसंख्य शिक्षक या गोष्टीवर विश्वास ठेवतात.

करायचं काय, ते आता.

आधी एक गोष्ट तपासा. तिला मराठी गोष्टीचं पुस्तक द्या आणि मोठ्याने वाचू द्या. मराठीतही अक्षरं उलटसुलट होत असतील, ओळी सुटत असतील, वयाच्या मानाने फार अडखळत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि तिथे काही निघालं नाही तर शिकण्यातल्या अडचणींची रीतसर तपासणी करून घ्या. ती वैद्यकीय गोष्ट आहे, तिच्यासाठी परीक्षेत सवलतीही मिळतात, आणि ‘लर्निंग स्टाइल’शी तिचा काही संबंध नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात. मराठी सरळ वाचत असेल, आणि मला वाटतं वाचेल, तर गाठ इंग्रजीचीच आहे.

ती सोडवायला तुमच्याइतका योग्य माणूस पंचक्रोशीत नाही. तुम्ही म्हणाल, माझं इंग्रजी बेताचं. हरकत नाही. धडा आधी तिच्याशी कोंकणीत बोला. ध्वनीचाच घ्या. घुमट जमिनीवर उभं ठेवा, कातडं वर, त्यावर चार मोहरीचे दाणे टाका आणि तिला बाजूला थाप मारू द्या. दाणे का उडाले? मागचं तोंड झाकलं की आवाज का बदलतो? (२०१९ पासून घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य आहे आणि पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, हे तिला सांगू नका, ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.) पण दाणे उडाले म्हणजे धडा झाला असं समजू नका, ‘करून शिकणाऱ्या’ कोर्सांत नेमकं तिथेच टाळ्या वाजवून थांबतात. दाणे उडाल्यावर पुस्तकातला तोच परिच्छेद इंग्रजीत वाचायचा. आता शब्दांना धरायला काहीतरी आहे. मग पुस्तक बंद करून तिने तुम्हाला कोंकणीत सांगायचं. मग इंग्रजीत दोनच वाक्यं लिहायची, स्वतःची, पुस्तकातली नव्हेत. चुकली तर चुकू दे.

शब्दांसाठी एक वही करा: इंग्रजी शब्द, शेजारी देवनागरीत उच्चार, शेजारी तिच्या भाषेतला अर्थ. तिने कागदाच्या पाठीवर चोरून केलं तेच, उघडपणे. मराठी पाठ्यपुस्तकांतल्या संज्ञा मात्र तिच्या माथी मारू नका. कॉम्प्रेशनला तिथे ‘संपीडन’ म्हणतात. ऐकून पोर आणखी पीडित होईल.

आणि आता ते ‘पुस्तक बंद करून’. यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि मुलांना सगळ्यात नकोसं हेच असतं. तुम्ही गावच्या काल्याच्या नाटकाला कधी प्रॉम्प्टिंग केलं नसेल हे मी मानायला तयार नाही. गोव्यात मराठी मास्तर आणि नाटकाची वही यांची जोडी सहसा तुटत नाही. तर आठवा. पहिले पंधरा दिवस नटाच्या हातात वही असते आणि तो सांगतो, पाठ आहे. मग वही जाते, विंगेतून प्रॉम्प्टर शब्द टाकत राहतो, तरी तो सांगतो, पाठ आहे. एके रात्री प्रॉम्प्टरला ताप येतो. त्या रात्री कळतं किती पाठ आहे, आणि खरं पाठांतर त्याच रात्रीपासून सुरू होतं. धडा पुन्हा पुन्हा वाचणं, खुणा करत जाणं, तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा बघणं, हे सगळं प्रॉम्प्टर चालू ठेवून केलेल्या तालमी आहेत.

हे मोजलेलंही आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्याने न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे: त्यांना ८१ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने तपासलं तर उलटं: वाचणारे ४२ वर आले, लिहिणारे ५६ वर राहिले. पाच मिनिटांनंतरचा तो आकडाच मुलांना फसवतो. वाचून उठल्यावर सगळं येतंय असं वाटतं, आणि पेपर काही पाच मिनिटांनी नसतो. म्हणून आज सांगितलेलं परवा पुन्हा विचारा, मग आठवड्याने. एका बैठकीत चारदा विचारण्यापेक्षा असं लांबवून विचारलेलं बरं, हे तर एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय.

नातीला हे पटायला हवं, आणि ती आजोच्या शब्दावर पटवून घेणार नाही. घेऊही नये. तिला म्हणा, तुझी तऱ्हा आपण दोघं मिळून शोधू. एका धड्याचे साधारण सारखे दोन भाग घ्या. एक तिने तिला हवा तसा करावा: व्हिडिओ बघून, हातवारे करून, उभं राहून, काहीही. दुसरा वर सांगितला तसा: वाचून, बंद करून, सांगून. दोन्हींना वेळ सारखाच द्यायचा. त्याच रात्री तिने वहीत लिहायचं की आठवड्याने दहांपैकी किती येतील, दोन्हींचा वेगळा अंदाज. मोबाइल बाजूला ठेवून आठवड्याने दोन्हींचे दहा-दहा प्रश्न विचारा आणि अंदाजाशेजारी खरा आकडा लिहा. असं चार-पाच धड्यांचं करा. मधूनच एखाद्या धड्यात तिचा मार्ग जिंकेल, विशेषतः जिथे आकृती किंवा प्रयोग आहे तिथे. तिथे तो तिने जरूर वापरावा. आपल्याला काय येतंय आणि काय येतंय असं नुसतं वाटतंय, हे त्या वहीतून तिला स्वतःबद्दल जेवढं कळेल तेवढं सोळा खुणांच्या कागदातून कळणार नाही. वही पुढे दहावीलाही चालेल.

रोज अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नको. संध्याकाळी पथकाची तालीम असेल त्या दिवशी सुट्टी. तालीम बंद करून अभ्यास हा विचार घरात कुणी काढला तर तो तुम्ही हाणून पाडायचा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही ते वाक्य लिहून खोडलंय आणि पुन्हा लिहिलंय, म्हणून टाळत नाही.

मुलांच्या वेगवेगळ्या ‘स्टाइल’ ओळखल्या नाहीत म्हणून तुम्ही कुणाचं नुकसान केलेलं नाही. ओळखण्यासारखं तिथे फारसं काही नव्हतंच. सकाळी फळा पुसून कालचं विचारायचात, ते तर ज्याबद्दल मी इतका वेळ बोलतेय तेच. आकडे घेऊन प्रयोग करणाऱ्यांच्या कितीतरी आधी तुम्ही ते वाळपईच्या पावसात, गळक्या छपराखाली करत होतात. पण सामुदायिक पाढ्यांबद्दल, गुरुजी, माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या शाळेतही रोज संध्याकाळी सगळे ओळीने उभे राहून पाढे म्हणायचो. सूर इतका सुंदर लागायचा की रस्त्यावरून जाणारे थांबायचे. मी मागच्या रांगेत होते. सातचा पाढा मी दोन वर्षं नुसते ओठ हलवून म्हटला. पुढच्यांचा आवाज हाच माझा प्रॉम्प्टर. एकटीला उठवून ‘सात आठे?’ विचारलं की तोंडाला कुलूप. आमच्या मास्तरांना ते कधी कळलं नाही, कारण त्यांनी कधी एकटीला उठवलंच नाही. बिचारे भले होते, कुणाला अवघडवू नये असा त्यांचा स्वभाव. तुमच्याही मागच्या रांगेत असे काही असतील. किती, ते तुम्हाला आणि मला आता कळायचं नाही. तुम्ही फळा पुसून विचारायचात तेव्हा हात वर करणाऱ्यांनाच विचारायचात की सगळ्यांना, हे तुम्हालाच ठाऊक. मी त्यावर निकाल देत नाही. त्या मंडपातल्या घुमटवाल्या मास्तराचं “आता तू एकटी” तेवढं मला बरोबर वाटतं. ते अपमान न करता म्हणता येतं. तुमचं पत्र वाचून वाटतं, तुम्हाला येईल.

मुलाला काय सांगायचं? त्याने पैसे द्यायची तयारी दाखवली ती पोरीच्या काळजीपोटी. तेव्हा ‘फसवणूक आहे’ म्हणून त्याला गप्प करू नका. म्हणा, तीन महिने दे मला. चवथीच्या सुट्टीनंतरचा पेपर बघू, मग ठरव. आणि त्या तीन महिन्यांत त्यानेही आठवड्यातून एकदा तिच्यासमोर बसून एक धडा तिच्याकडून समजून घ्यावा. त्याला सायन्स विसरायला झालं असेल तर उत्तमच. न समजणाऱ्याला समजावताना मुलं जेवढी शिकतात तेवढी हुशार शिक्षकासमोर शिकत नाहीत.

आणि हो. तो झेरॉक्सचा कागद मी या उत्तरासोबत टपालाने परत पाठवतेय, तिच्या वहीतला आहे म्हणून. तिला सांगा, ‘दाट’ बरोबर आहे, प्रश्नचिन्ह पुसून टाक. दुसऱ्या रेघेवर काय लिहायचं ते मात्र सांगू नका. तिला आठवेल.